करपल्या पिठल्याचा वास

मंठ्याला मी आडतीच्या दुकानात मुनीम होतो, तेव्हाची ही गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली होती. घरात मी आणि बायको, दोघंच. महिन्यातले चार दिवस ती बाजूला बसायची, म्हणजे चूल माझ्याकडे. आणि मला येत होतं एकच, पिठलं. तेही करपलेलं, कारण तुराट्यांचा जाळ मला कधी आवरलाच नाही. त्याचा वास, खोटं कशाला सांगू, परतूरपर्यंत जायचा. बगळे तेवढे दिवस मंठ्यावरून उडत नसत. एका गवंड्यानं चाखून विचारलं होतं, यात चुना किती घातला.

आळीला त्यामुळे पंचांग लागत नसे. वास सुटला की शेजारची काकू अंगणातूनच म्हणे, "भाऊ, बसली वाटतं सूनबाई बाजूला. म्हंजे या महिन्यात बी काही न्हाई." काही म्हणजे काय, ते साऱ्यांना ठाऊक. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता.

मी बाहेर हसायचो, कारण आत बघवत नव्हतं. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीवर ती गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असायची, दातात पदराचं टोक. गरम विटेचा तुकडा फडक्यात बांधून मी लांबून सरकवायचो. पुढं पुढं जवळ बसून शेकायलाच लागलो. शिवाशीव काही माझ्यानं पाळवली नाही. बायका म्हणायच्या, "आमाला न्हाई का दुखत? हिचंच नवल." गावाहून आई आली, राजूरच्या गणपतीला नवस बोलली, आणि जाताना दारात मला म्हणाली, "वर्षभर बघ. मंग दुसरी करून घे." बायकोनं ते ऐकलं.

मी तिला जालन्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई एवढ्या उंच, की छताचा पंखा त्यांना वळसा घालून फिरायचा. तपासून म्हणाल्या, "गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच हिच्या पिशवीबाहेर वाढलंय असं दिसतं. दर महिन्याला तिथंही रक्त सुटतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. मग दुखेल नाही तर काय?" आणि मूल? "अवघड आहे. होणारच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही."

परतीच्या मोटारीत बायको रडायला लागली. मी घाबरलो. तर म्हणाली, "अहो, माझं दुखणं खरंच होतं की."

आईला मी सांगून टाकलं, दुसरी आली तरी तिला माझंच पिठलं खावं लागेल, कुणाच्या पोरीचा तळतळाट कशाला घेतेस? आई हसली नाही, पण तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

पुढं दीड-दोन वर्षांनी एका महिन्यात वास सुटलाच नाही. पुढच्या महिन्यातही नाही. काकू हवा हुंगत आमच्या दारापर्यंत येऊन गेली. आळीत साखर वाटायचीच काय ती बाकी होती.

तिसऱ्या महिन्यात बायकोला रक्त दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाजेवरून उठायचं नाही, टिकलं तर टिकेल. चूल पुन्हा माझ्याकडे आली. लक्ष सारं बाजेकडे. त्या दिवशी करपलं तसं पिठलं मी जन्मात करपवलं नव्हतं. घटकाभरात आळीतल्या साऱ्या बायका तोंडाला पदर लावून दारात. काकू तर बाजेपाशी बसून हुंदकेच द्यायला लागली. "गेलं का गं पोरी?"

बायको पडल्या पडल्या म्हणाली, "पोर हाय, काकू. पिठलं तेवढं गेलं."

काकूचा हुंदका अर्ध्यात थांबला. ती उठली, माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं. "सरका, भाऊ. पोटुशी बाई खाईल का हे?" त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत रोज कुणा ना कुणाच्या घरून ताट यायचं.

मुलगी झाली. तिचं पहिलं रडणं ऐकून जालन्याच्या स्टेशनात गाडी थबकली म्हणतात. म्हणणारा मीच. तिच्या पाठीवर दुसरं झालं नाही. वर्षा-दीड वर्षानं दुखणं परत आलं, मागोमाग माझं पिठलंही; बायकोचं वय झालं तेव्हाच दोन्ही एकदम थांबली.

आता ती नाही. गॅसवर तसं बराबर करपतही नाही. कधीमधी मी मुद्दाम आच मोठी करून पिठलं बुडाला लागू देतो. शेजारची सून दार वाजवते. "आजोबा, काहीतरी करपून राह्यलंय बघा."

"करपू दे," मी म्हणतो. "आळीला कळू दे."