बिनरंगाचं छप्पर

आमच्या प्रोजेक्टचं काम पटकन सांगते, कारण घरी आईला सांगताना मी दर वेळी भरकटते. चेन्नईजवळच्या तांबरमच्या एका गल्लीत सिमेंटच्या पत्र्यांची घरं आहेत. त्यातल्या निम्म्या छपरांना आमच्या सरांनी लॅबमध्ये तयार केलेला पांढरा रंग लावायचा, निम्मी तशीच ठेवायची, आणि सगळ्या घरांत भिंतीवर तापमान मोजणारी डबी बसवून उन्हाळाभर बघायचं, रंगाने घर किती गार राहतं. फरक दिसला की सर तो सरकारपुढे ठेवणार आणि मग शहरभर तशी छपरं. हे ऐकूनच मी सोलापूरहून इथे आले. उन्हाचं मला कुणी नव्याने सांगायला नको होतं.

रंग कुणाला, ते आम्ही ठरवलं नाही. गल्लीत सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढल्या. बाकीच्यांना उन्हाळा संपल्यावर रंग मिळणार होता, पण मध्येच कुणी छपराला काही केलं तर ते घर अभ्यासातून बाहेर. कोपऱ्यातल्या अक्का घरी ब्लाउज शिवतात. त्यांनी स्वतःच्याच हाताने बिनरंगाची चिठ्ठी काढली आणि हसत म्हणाल्या, "माझा हात शिवणाला चांगला, चिठ्ठीला नाही." मीपण हसले तेव्हा.

मग त्यांची मुलगी बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण आईकडेच, हे इकडेही आपल्यासारखंच. पण तिच्या सासूने फोनवर सांगून टाकलं, त्या भट्टीत माझं नातवंड राहणार नाही, रविवारी येऊन बघते, नाहीतर तिला घेऊन जाते. अक्कांनी तेव्हापासून मशीनवरचं कापड बाजूलाच ठेवलं होतं.

"कण्णू, तुझ्या सरांना सांग, मला आधी लावा." कण्णू म्हणजे इकडचं लाडाचं 'बाळ'.

माझं तमिळ मोडकंतोडकं. म्हटलं, "अक्का, तसं नाही चालत."

"का, रंग संपला?"

"रंग आहे. पण तुमचं घर तापलेलं राहिलं तरच कळणार ना, शेजारचं किती गार झालं."

बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. चटईवर आडवी झालेली मुलगी म्हणाली, "म्हणजे आम्ही शिजायचं आणि पास शेजारची होणार."

मी सरांकडे गेले. रंग नाही तर निदान एखादा कूलर देऊ या का, असंही विचारलं. सर वाईट नाहीत हो, खरंच नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कूलरनेही आकडे बदलतात. आणि एकीला आधी दिलं तर बाकीच्यांनी का थांबायचं? सगळ्यांनाच लावला तर तुलना कशाशी करू? मग सरकारातला साहेब म्हणेल, यंदा उन्हाळाच कमी होता, आणि फाइल मिटवेल." मला हे सगळं पटलं. हाच तर त्रास होता, की पटलं.

शुक्रवारी दुपारी फोनवर आलेख बघते तर अक्कांच्या घराची रेघ भर उन्हात खाली आलेली. मला वाटलं डबी बिघडली. पळत स्टेशन गाठलं. गल्लीत शिरले तर शेजारच्या गच्चीवरून एक बाई लांब बांबूला बांधलेल्या झाडूने अक्कांच्या पत्र्यांवर चुन्याचा दुसरा हात फासत होती, चुना तांदळाच्या पेजेत कालवलेला. खाली अक्का, हात चुन्याने भाजलेले, त्यावर खोबरेल तेल.

"सरांना सांगणार?"

"सांगावं लागेल, अक्का."

"सांग. रविवार झाल्यावर सांग."

पण तोच आलेख सरांच्याही फोनवर दिसतो. त्यांचा फोन मी दारात उभी असतानाच आला. मी चुना म्हणाले. त्यांनी विचारलं, "नीट बसलाय का?" मी म्हटलं, बसलाय. "घर बाहेर काढ. सोमवारी डबी घेऊन ये."

"आणि नंतरचा रंग?"

"तो शेवटपर्यंत राहिलेल्यांनाच मंजूर आहे. मी वर विचारतो. पण कबूल काही करू नकोस."

रविवारी सासूबाई आल्या, भर दुपारी पत्र्याखाली बसल्या, ताक प्यायल्या, वर बघून म्हणाल्या, बरं आहे. एकट्याच परत गेल्या. सोमवारी हे सांगताना अक्कांनी मला मुरुक्कूची, म्हणजे इकडच्या चकल्यांची, बशी दिली आणि मी स्टुलावर चढून डबी काढायला लागले.

"पावसात चुना जाईल. तेव्हा तुमचा रंग लावाल ना?"

"सर विचारतायत."

"म्हणजे नाही."

"नाही असं नाही, अक्का. मला माहीत नाही अजून."

मुलगी झोपली होती. तेवढ्यात समोरच्या घरातली बाई दारात आली. तिचंही घर बिनरंगाचं. तिचे म्हातारे सासरे दुपारभर बाहेर सावली शोधत फिरतात. माझ्यासमोरच तिने अक्कांना विचारलं, "चुना कुठल्या दुकानातला?"

अक्कांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी डबीचा स्क्रू खिशात टाकला. सरांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, अजून न लिहिलेला तो अहवाल आला, शहरभरची छपरं आली, आणि मी स्टुलावरून उतरून डबी पिशवीत ठेवली.

मग अक्कांनी दुकान सांगितलं, आणि पेज किती घालायची तेही.