साडूंचा उंदीर

माझ्या साडूंइतकी अमेरिका ओळखणारा माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि त्यांची ती अमेरिका एका उंदराएवढी होती. हा उंदीर म्हणजे कॉमिकमधला, जगभर गाजलेला. साडूंनी त्याचं इंग्रजी नाव कधी तोंडातून काढलं नाही. "आपला उंदीर" म्हणायचे. जसं एखादा "आमचा धाकटा" म्हणतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे घोटीकडचे, नोकरीला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, ट्रेसर. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले नकाशे शाईनं गिरवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी नाशिकरोडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो, म्हणून ते मला "सर" म्हणायचे. वयानं मोठे म्हणून मी त्यांना "दादा". सत्तरच्या दशकात रविवारी सकाळी ते सायकलवर टांग मारून देवळाली कॅम्पला जायचे. तिथल्या लष्करी साहेबांच्या बदल्या झाल्या की घरातली इंग्रजी पुस्तकं रद्दीत यायची, आणि त्यांत पिवळ्या पडलेल्या पानांची जुनी कॉमिक्स असायची. रद्दीवाला त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "आज उंदीर नाय सापडला, साहेब! एक हत्ती आहे, चालेल का?" हत्ती त्यांना कधीच चालला नाही.

बरं, इंग्रजी त्यांना बेताचंच. पण कॉमिक वाचताना ते फुग्यातल्या अक्षरांवर चक्क अंगठा ठेवायचे. "बोलतोय ते सोडा सर, उभा कसाय ते बघा," म्हणायचे. त्यांचं म्हणणं, हा उंदीर एका माणसाच्या हातचा नव्हेच; चारपाच जण त्याला काढतात, आणि कुणाचंच नाव कुठं छापलेलं नसतं. पण रेघ लपत नाही. आयुष्यभर रेघा गिरवलेल्या या माणसानं त्या अनोळखी चित्रकारांना नावंसुद्धा ठेवली होती. एक "घाईवाला", त्याचा उंदीर कायम पुढं कललेला. एक "पगारापुरता", हा पायाखालची सावली काढायची टाळायचा. आणि एक "निवांत". हा निवांत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. निवांतचा उंदीर पळत असला तरी त्याला कुठं पोचायचं नाही असं वाटायचं. तो जिन्यात बसायचा, ढगांकडे बघायचा, आणि त्याच्या शेपटीचं टोक हळूच वळलेलं असायचं. ते टोक दाखवताना साडूंचा आवाज खाली यायचा. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी निवांतची दोन पानं बघावीच लागत, आणि तोवर चहावर साय धरलेली असे.

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, याचा स्वतंत्र जाच होता. क्वार्टरमध्ये खरे उंदीर झाले तेव्हा त्यांनी पिंजरा लावला. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर साडूंनी सायकलच्या कॅरिअरला बांधून पार नदीपलीकडे नेला आणि शेतात सोडला. परत आल्यावर म्हणाले, "उतरताना वळून बघितलं त्यानं." ताई म्हणाल्या, "रस्ता लक्षात ठेवत असेल." एकदा बुद्धपौर्णिमेला वसाहतीतल्या मंडळींनी त्यांच्याकडून फलक रंगवून घेतला. पिंपळ सुरेख उतरला होता. पण त्याच्या मुळाशी, कोपर टेकून, हा बसलेला! सगळे बुचकळ्यात. वयस्कर अध्यक्ष म्हणाले, "हा इथं कशाला?" साडू शांतपणे म्हणाले, "सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो, असं म्हणतो ना आपण? मग त्यातला एक काढला." अध्यक्षांनी जरा वेळ विचार केला आणि फलक लागला.

पुढं ऐंशीच्या आसपास माझ्याकडून एक आगळीक झाली. शाळेच्या ग्रंथालयाला कुणीतरी जुनी परदेशी मासिकं दिली होती. त्यांतल्या एकात रंगीत पानावर आपला उंदीर दिसला, भिंतीएवढा, संग्रहालयात टांगलेला. अमेरिकेत म्हणे पॉप आर्ट नावाचा प्रकार निघाला होता. सुपाचे डबे, जाहिराती, कॉमिकची चित्रं, छपाईच्या टिंबांसकट अवाढव्य करून रंगवायची. मी गंमत म्हणून ते मासिक घेऊन एकलहऱ्याला गेलो. म्हटलं, "दादा, तुमचा उंदीर मोठा माणूस झाला."

त्यांनी पान उजेडात धरून पाहिलं. उठून पत्र्याची ट्रंक उघडली. वरची पुस्तकं बाजूला करत तळातलं एक कॉमिक काढलं, आणि न शोधता नेमकं पान उघडून माझ्यासमोर धरलं. खिडकीत कोपर टेकून ढग बघणारा उंदीर. तीच खिडकी, तीच मान, शेपटीचं तेच वळलेलं टोक. एक चित्र काडेपेटीएवढं, दुसरं भिंतीएवढं, एवढाच फरक.

"टिंबं झकास मारलीत," ते म्हणाले. "पण ही मान निवांतची आहे. खाली काय लिहिलंय, सर?"

ज्यानं ते मोठं केलं त्या चित्रकाराचं नाव मी वाचून दाखवलं.

"आणि निवांतचं?"

"नाही."

"कुठंच नाय?"

"कुठंच नाही, दादा."

त्या दिवशी त्यांच्याही चहावर साय धरली. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "एक पत्र लिहून द्या. संग्रहालयाला."

पुढच्या रविवारी ते सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेलो. "त्या माणसाला चोर म्हणू नका बरं. मोठं केलं ते चांगलंच केलं, लांबून दिसायला लागलं. फक्त खाली बारीक अक्षरात लिहा, मूळ चित्र दुसऱ्याचं आहे. नाव त्यांना सापडेल, तिथलाच माणूस आहे." मी "आपला विश्वासू" लिहीत होतो तेव्हा ते म्हणाले, "पुरावा लागेल." मी सुचवलं, तुम्ही गिरवून पाठवा, तुमचा हातखंडा आहे. त्यांनी मान हलवली. "मी गिरवलं की ती माझी रेघ. पानच पाठवायला पाहिजे."

त्या कॉमिकची दुसरी प्रत त्यांच्याकडे नव्हती, मिळण्याची शक्यताही नव्हती. त्यांनी पट्टी ठेवली, ब्लेड घेतलं. ज्या हातानं हजारो नकाशांवर शाई फिरवली, त्याच हातानं आधी डोळे पुसले, मग पान कापलं. ताई दारातून म्हणाल्या, "लेकीला सासरी धाडताना एवढं पाणी नव्हतं डोळ्यांत." पण बोलून झाल्यावर त्यांनीच दोन पुठ्ठे आणून दिले, पान मुडपू नये म्हणून.

मग उत्तराची वाट. पत्ता माझ्या शाळेचा दिला होता, म्हणून साडू दर आठवड्याला मला भेटायचे. पत्राचं विचारायचे नाहीत, "शाळा बरी चाललीय ना?" एवढंच म्हणायचे. दोन उन्हाळे गेले. ते सेवानिवृत्त झाले, क्वार्टर सोडून एकलहरे गावातच राहू लागले, देवळालीच्या फेऱ्या कमी झाल्या. मला मनातून फार अपराधी वाटायचं. मी ते मासिक नेलं नसतं, तर ते पान ट्रंकेत सुखानं असतं.

आणि एका शनिवारी पत्र आलं. रविवारी भर दुपारी मी सायकल हाणत एकलहरे गाठलं. "जय भीम, सर," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, स्वतः पायरीवर बसले. मी आदल्या दिवशीच वाचलं होतं, तरी पत्र उघडून एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. संग्रहालयातल्या कुणा बाईंनी लिहिलं होतं. पान मिळालं, चित्र तंतोतंत जुळलं. त्यांनी प्रकाशकाकडे चौकशी केली, पण जुने कागद शिल्लक नाहीत, त्यामुळे नाव सापडलं नाही. चित्राखालच्या पाटीवर मात्र आता एक ओळ वाढवली आहे : मूळ रेखाटन, अज्ञात कॉमिक चित्रकार. पान जपून ठेवलं आहे, हवं असल्यास परत पाठवू.

"अज्ञात म्हणजे?" साडूंनी विचारलं.

"म्हणजे... कोण ते माहीत नाही, असा."

"माहीत नाय, पण होता. असंच ना?"

"हो."

"होता, असं लिहिलंय त्यांनी." ते दूर वीज केंद्राच्या धुरांड्यातून निघणाऱ्या धुराकडे बघत राहिले. "लय झालं, सर. पान राहू द्या तिकडंच."

मला वाटलं, आता विषय संपला. मी पत्राची घडी घालू लागलो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आत्ता तिथं किती वाजले असतील?"

"तिथं मध्यरात्र उलटून गेली असेल."

"म्हणजे संग्रहालय बंद."

"बंदच की."

"आणि सकाळी उघडेल?"

"हो, दादा. सकाळी उघडेल."

त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि त्या न समजणाऱ्या ओळींवरून, अंगठा न ठेवता, सावकाश नजर फिरवत बसले.