सात रेघांचा थांबा

नाट्यगृहाच्या डाव्या विंगेत, पडद्याच्या दोरांशेजारी, एक बिनपाठीचं स्टूल आहे. गेली सव्वीस वर्षं त्यावर एकच बाई बसतात. विद्यापीठाच्या हौशी नाट्यमंडळात त्यांना सगळे काकू म्हणतात. त्यांची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली आणि हौस प्रॉम्प्टिंगची. दोन्हीकडे काम एकच, त्या म्हणतात, कानाने ऐकायचं आणि चेहरा दाखवायचा नाही.

प्रॉम्प्टिंगबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. आख्खं वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे, आणि तेही आवाजात नाही, श्वासात. नट थांबला म्हणजे विसरलाच, असं धरून चालायचं नाही. संहितेत प्रत्येक थांब्यापाशी त्या लाल पेन्सिलीने उभ्या रेघा मारतात. एका सेकंदाला एक रेघ.

सर्वांत जास्त रेघा काकांच्या वाट्याला आहेत. काका म्हणजे त्यांचे यजमान, विद्यापीठाच्या छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. शहरात वर्षातला एक रविवार कलांसाठी राखलेला असतो: सकाळी प्रदर्शनं, दुपारी संगीत, चार वाजता नाटक. नाटक दरवर्षी तेच. त्यात काका एका निवृत्त न्यायाधीशाची भूमिका करतात. धाकटा भाऊ विचारतो, "मग? घर विकायचं?" न्यायाधीश खिडकीकडे वळतो, सात सेकंद गप्प राहतो आणि म्हणतो, "विकून टाका. पण माझ्या खोलीचं दार मी काढून नेणार." लोक आधी हसतात, मग गप्प होतात.

दोन वर्षांपूर्वी काकूंनी पाचव्या रेघेलाच शब्द दिले होते. काका आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. "मीठसुद्धा मागितलं नाही. आठ दिवस अळणी जेवले," काकू सांगतात.

यंदा गोष्ट वेगळी होती. काकांची स्मरणशक्ती जाते आहे, आणि ते थांबणार नाही, असं डॉक्टरांनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. हे घरात दोघांनाच माहीत होतं. दिग्दर्शक काकांच्या थोरल्या भावाचा मुलगा, पण त्यालाही नाही.

"एक प्रयोग करू दे," काका म्हणाले होते. "मग तू म्हणशील तिथे गप्प बसतो."

"तुम्ही आणि गप्प?"

"बरं, कमी बोलतो."

ठरलं असं की खरोखर विसरलं तर काका कोटाचं मधलं बटण धरतील. बटण धरेपर्यंत काकूंनी तोंड उघडायचं नाही. तालमींत काकांनी चार वेळा बटण धरलं, चारही वेळा शब्द पोहोचले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी दोघं नाट्यमंडळाच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन पाहायला गेले. काकांनी एकेका फोटोतली माणसं बोट ठेवून सांगितली. "हा तिसरा. पहिल्या अंकात याची मिशी गळून चहात पडली. पठ्ठ्याने मिशीसकट चहा पिऊन टाकला." भोवती आठ-दहा जण जमले. "काकांचं डोकं बघा, आपल्याला सकाळचं आठवत नाही," एक बाई म्हणाली. काकूंना बरं वाटलं.

दुपारी सभागृहात व्हायोलिनवादन होतं. रचना संपायच्या आधीच टाळ्या वाजवणाऱ्यांकडे काकांनी छपाईच्या मजकुरात चुकीच्या अक्षराचा खिळा जुळवलेल्या कामगाराकडे पाहावं तसं पाहिलं. काकूंची काळजी आणखी कमी झाली. पण बाहेर पायऱ्यांवर काका म्हणाले, "चल, आता घरी."

"अहो, चारला प्रयोग आहे."

"माहीत आहे की! गंमत केली," काका म्हणाले. ते क्षणभर उशिरा म्हणाले.

नाट्यगृह रस्त्यापलीकडेच होतं. पुतण्या दारात उभा होता. काकू त्याला सांगू शकल्या असत्या. त्यांनी त्याला पडद्याचे दोर तपासले का एवढंच विचारलं.

पहिला अंक बिनचूक झाला. दुसऱ्यात भावाने विचारलं, "मग? घर विकायचं?" भावाची भूमिका रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक करतात. काका खिडकीकडे वळले. सात रेघा झाल्या. काकूंची नजर बटणावर होती. दहा झाल्या. आज थिएटर भरलेलं आहे, मुद्दाम ताणताहेत, असं त्यांना वाटलं. समोर आठशे माणसं श्वास रोखून होती. वीस झाल्या. प्राध्यापकांनी पदरचं वाक्य घातलं, "दादा, मी काहीतरी विचारलं." काकांचा हात सैल लोंबत होता. तेव्हा काकूंना कळलं की वाक्याबरोबर बटणही गेलं आहे.

"विकून टाका," त्यांनी श्वासात दिलं. मग आवाजात दिलं.

काका विंगेकडे वळले. दारात आलेल्या अनोळखी माणसाशी बोलावं तशा नम्रपणे म्हणाले, "काय म्हणालात? तुम्ही तिथे अंधारात का बसलात?"

बाल्कनीत कुणीतरी हसलं. पुतण्याने पडदा पाडला.

मेकअपच्या खोलीत काका आरशासमोर शांत बसून होते. बाहेर पॅसेजमध्ये पुतण्याने विचारलं, "केव्हापासून, काकू?"

"चार महिने."

"आणि मला आज कळतंय? सगळ्यांसमोर?"

"आधी सांगितलं असतं तर भूमिका दिली असतीस?"

"नसती दिली."

"म्हणूनच."

"पण शब्द तरी वेळेवर द्यायचे ना! तुम्ही होतात ना तिथे."

काकू आत जाऊन काकांचा कोट उतरवू लागल्या. आठव्या रेघेला शब्द दिले असते तर काकांनी उचलले असते का, हे त्यांनी नंतर डॉक्टरांना दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी न्यायाधीश दुसरं कुणी करणार आहे. सोमवारी सकाळी चहा घेताना काकांनी विचारलं, "आपल्या तालमी कधीपासून?" काकूंनी खरं ते सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला आणि दुपारपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मंगळवारी त्यांनी तेच विचारलं. काकूंनी तेच सांगितलं, आणि काका पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुन्हा तसेच पडून राहिले. बुधवारीही तसंच झालं.

गुरुवारी काकू म्हणाल्या, "अजून ठरलं नाही."

"ठरलं की लगेच सांग," काका म्हणाले. "पाठांतराला हल्ली वेळ लागतो." आणि त्यांनी चहा संपवला.