दाराशी ठेवलेलं पाणी

टीव्हीवर बर्ड फ्लूची बातमी लागली की घरातली माणसं आवाज कमी करतात, कारण मी चिडतो. कुठल्या तरी देशात कोंबड्या पोत्यांत भरून खड्ड्यात पुरत असतात आणि निवेदक खापर फोडतो ते दूरवरून येणाऱ्या पाखरांच्या डोक्यावर. पाखरं आणत असतील, मी नाही म्हणत नाही. पण माणसंही आणतात. पाखरांना निदान आपण काय केलं ते कळत नाही. मला कळलं होतं.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. मी कल्याणात राहत होतो आणि गुरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. सायकलवरून आसपासच्या खेड्यांत जायचं आणि कोंबड्यांना राणीखेतची लस टोचायची, हे माझं काम. राणीखेत हे कागदावरचं नाव. खेड्यांत त्या रोगाला मानमोडी म्हणत. कोंबडी हिरवट-पांढरं हगते, चोच उघडी टाकून धापा टाकते, मान पिळून वाकडी होते आणि दोन-तीन दिवसांत संपते. एका खुराड्यात शिरला की रोग सबंध गाव झाडून नेई.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मुलगा शिकला आणि कोंबड्या धरायला लागला, याचं आईला भारी दुःख होतं. मागच्या दाराशी ती बादली भरून ठेवायची. मी आलो की आतूनच म्हणायची, "आधी बादलीपाशी." कपडे तिथेच उतरवायचे, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मग घरात यायचं. बूट मात्र कोणी धूत नसे. ते घरात येणारच नव्हते, मग धुवायचे कशाला?

शहाडच्या पुढे नदीकाठी एक आगरी वस्ती होती. तिथे एक विधवा म्हातारी राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्या पंधरा-सोळा कोंबड्या होत्या. त्यांच्या जिवावर तिने एकुलता मुलगा वाढवला होता आणि मी सांगतोय त्याच महिन्यात त्याचं लग्नही लावलं होतं. सून घरात येऊन आठ दिवससुद्धा झाले नव्हते.

आजूबाजूला मानमोडी आल्याचं कानावर पडलं की ही बाई कोंबड्या कोंडायची आणि अंगणाच्या तोंडाशी पाण्याची घागर ठेवायची. पाय धुतल्याशिवाय कोणालाही आत सोडायची नाही, सख्ख्या भावालाही नाही. ती नवी नवरी असताना माणसांची मानमोडी आली होती. एकोणीसशे अठराच्या त्या इन्फ्लुएंझालाही आपल्याकडे हेच नाव होतं. तेव्हा सासूने दाराशी अशीच घागर ठेवली आणि घरातलं एकही माणूस गेलं नाही, असं ती सांगायची. मी हसायचो. आमच्या पुस्तकात घागर नव्हती.

त्या दिवशी सकाळी मी विठ्ठलवाडीजवळच्या एका गावात होतो. तिथे कोंबड्या मरत होत्या. खुराड्यांत वाकून मी मेलेल्या कोंबड्या पाहिल्या, हात साबणाने धुतले, सुई उकळून घेतली आणि सायकल थेट नदीकाठी आणली. थर्मासातल्या बर्फात लस होती. ऊन चढत होतं.

अंगणाच्या तोंडाशी नवी सून तांब्या भरून उभी होती. तिच्या मागून म्हातारी म्हणाली, "सायेब, जरा पायावं पानी घ्या."

"बर्फ वितळतोय, मावशी. नंतर."

ती बाजूला झाली. सरकारी माणसाला अडवायचं कसं? मी बुटांसकट आत गेलो. सून तांब्या धरून तशीच उभी राहिली. मी कोंबड्यांना एकेक करून लस टोचली आणि आता काळजीचं कारण नाही, असंही ऐटीत सांगून आलो.

आठ-नऊ दिवसांनी गेलो, तर खुराडं रिकामं. एक कोंबडी उरली होती, तीही मान वाकडी करून एका जागी गोल फिरत होती. शेजारच्या दोन बाया ओटीवर बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "सुनेचा पायगुन, दुसरा काय." सून आतल्या अंधारात बसली होती. तिला खुराड्याकडे फिरकू देत नव्हते.

म्हातारीने मला विचारलं, "सायेब, मी कुनाला पाय न धवता आत घेतला नाय. मंग आली कुठून?"

तिला माझी आठवणच झाली नव्हती. साहेबाच्या बुटांतून रोग येतो हे तिच्या मनातही आलं नसणार. मला मात्र विठ्ठलवाडी आठवली, दिवस मोजता आले, आणि मी खाली पायांकडे पाहिलं. बुटांच्या खाचांत अजून काहीतरी वाळलेलं दिसत होतं.

"लस उशिरा पडली, मावशी," मी म्हणालो.

लस अंगी लागायला दिवस लागतात, म्हणून ते अगदीच खोटं नव्हतं. अहवालातही तेच लिहिलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, असंही नाही. लाज वाटली, बस. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे चोर समोर उभा होता आणि त्याच घरचा चहा पीत होता.

पुढच्या वर्षी त्या वस्तीत पुन्हा लस टोचायला गेलो. खरं काय ते सांगायचं ठरवूनच मुद्दाम तिच्या दाराशी गेलो. बूट बाहेर काढले. घागर नव्हती, म्हणून मीच पाणी मागितलं. सून तांब्या घेऊन आली आणि खाली बघत माझ्या पायांवर पाणी ओतू लागली. ती वाळली होती.

म्हातारी ओटीवरून म्हणाली, "आता पाय धवून काय राखाचा हाय, सायेब? कोंबऱ्या मी पालत नाय. या घरात हिच्या पायाला सोसत नाय."

सुनेने ऐकलं. धार जराही हलली नाही. माझे पाय कधीच स्वच्छ झाले होते, तरी ती ओतत होती. वाक्य माझ्या तोंडाशी आलेलं होतं.

"पुरे," मी म्हणालो.