चुन्नीलालचा राक्षसाच्या सोंगातला फोटो

चुन्नीलालला दंडारीत कोणी कधी राम केलं नाही. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली, चौकात भरदुपारी ढोलकी वाजली, नाटक उभं राहिलं, की राक्षसाचं सोंग याच्याच गळ्यात. मिशी जाड आणि आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा घरघरता, त्याला तो काय करणार? एरवी माणूस असा की घरात विंचू निघाला तरी "जाय रे बाप्पा तिकडे" म्हणायचा. विंचू मारायचा तो त्याच्या बायकोनं, सुशिलाबाईनं.

चाळीसेक वर्षांमागं अशाच एका मंडईला सारं गाव दंडार पाहत बसलं होतं, आणि तिकडे बंद गिरणीत मालक ईश्वरदासचा कोणीतरी खून केला. चुन्नीलाल त्याच गिरणीत हमाल. तालमीला सुटी देत नाही म्हणून मालकाशी त्याचं दोनदा वाजलेलं. पोलीस आले तेव्हा तोंडाला काजळ, कोपरापर्यंत लाल रंग, कमरेला लाकडी तलवार अशा थाटात तो चौकात उभा! इतका तयार आरोपी पोलिसांना जन्मात मिळाला नसेल. जीपमध्ये घातला आणि ठाण्यात नेऊन चांगला बडवला. मग गावानंच जाऊन सांगितलं, "साहेब, हा त तवा आमच्यासमोर रामाच्या हातानं मरून राहिला होता." सोडला. खुनी काही सापडला नाही. चुन्नीलालनं पुन्हा तोंडाला रंग लावला नाही आणि बारा-पंधरा वर्षांनी मुकाट्यानं मरून गेला.

मागं राहिला एक फोटो. गोंदियाच्या फोटोवाल्यानं त्याच दुपारी काढलेला. पुढं तलवार उगारलेला चुन्नीलाल, शेजारी झांज घेतलेला केशोराव, मागं खच्चून भरलेलं गाव. सुशिलाबाईनं तो देवाजवळ लावला. राक्षसाला देवांच्या पंक्तीत बसवणारी गावात ती एकटीच. पण तिच्या लेखी तो नुसता फोटो नव्हता, साक्ष होती.

यंदा ऐन धानाच्या रोवण्यात गोंदियाहून विक्की आला. याचं मोबाईलवर चॅनल, आणि त्यावर जुने, न सुटलेले खून. अशा खुनांना हल्ली फार भाव आहे. सुटलेल्या खुनाला कुत्रं विचारत नाही. न सुटलेला मात्र पानठेल्यावर रोज नव्यानं होतो आणि जो तो आपापला खुनी घेऊन घरी जातो.

"आजी, लोगों को सच मालूम होना चाहिए," विक्की म्हणाला.

इतक्या वर्षांत हे म्हणणारा हा पहिलाच. सुशिलाबाईनं त्याला खाटेवर बसवलं, चहा केला आणि देवाजवळचा फोटो काढून त्याच्या हातात दिला.

"हे पाय. मागं सारा गाव बसला आहे. माह्या माणसाएवढे साक्षीदार कोणाले असते का?"

विक्कीचे डोळे लकाकले. "कडक आहे आजी! यही तो चाहिए था."

पोळ्याच्या आधी व्हिडिओ आला. सुशिलाबाईची नात आचल आमगावला कॉलेजात जाते. तिनंच आजीला दाखवला. फोटोतलं गाव कापून टाकलेलं, केशोराव कापलेला, झांजसुद्धा कापलेली. उरला चुन्नीलाल. डोळे आणखी लाल केलेले, तलवारीवरून रक्त टपकतंय, वर ठसठशीत अक्षरांत: 'गिरणीचा राक्षस?' त्या प्रश्नचिन्हात काय ती सारी सभ्यता.

सुशिलाबाई तशीच उठून केशोरावाकडं गेली.

"भाऊजी, तुमी झांज वाजवत होते. तुमी काऊन नाही सांगतलं त्याले?"

"सांगतलं ना वयनी! कॅमेऱ्यासमोर सांगतलं. त्यानं काटलं. म्हणे, काका, हे दाखवलं त व्हिडिओ इथंच खतम होते."

"मंग गावाले सांगा. पोट्टे साऱ्या गावात काहीबाही बोलून राहिले."

"गावाले का सांगाचं? बुढ्यायले मालूमच आहे." केशोरावानं घसा साफ केला. "पर माह्या मुलाखतीचा तुकडा मस्त आला, नाही? सुनेच्या माहेराहून फोन आला होता."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातून नारबोद निघते. काड्यापाल्याचं बुजगावणं, त्याच्यावर गावची रोगराई, भांडणं, सारी पिडा लादायची, आरडाओरडा करत शिवेबाहेर न्यायचं आणि जाळायचं. बायकांनी दारातून फुटकं सूप, झिजलेली केरसुणी त्यावर फेकायची. यंदा पोरांनी बुजगावण्याला तोंडही लावलं होतं, चांगलं फ्लेक्सवर छापून आणलेलं.

"खासी-खोकला घेऊन जाय गे नारबोद! गिरणीचा राक्षस घेऊन जाय गे नारबोद!"

सुशिलाबाई झिजलेली केरसुणी घेऊन दारात उभी होती. नवऱ्याचं तोंड समोर आलं तेव्हा तिनं ती पाठीमागं लपवली. पोरं हसली. ओरडणाऱ्यांत पिकल्या केसांचेही दोघे-तिघे होते. त्या दुपारी राक्षस पडला तेव्हा यांनी शिट्ट्या मारल्या होत्या. केशोरावही होता. तो ओरडत नव्हता, नुसता बरोबर चालत होता.

"पोरायची मजा आहे वयनी," तो जाता जाता म्हणाला. "एका दिवसाची."

शिवेवर धूर निघाला. सुशिलाबाई आत येऊन पोळ्याच्या उरलेल्या करंज्या डब्यात भरू लागली. आचल मागोमाग आली. ती सकाळपासून आजीच्याच बाजूनं होती. एका पोराच्या हातून फ्लेक्स ओढताना तिची ओढणीसुद्धा फाटली होती. ती आजीला चिकटून बसली आणि दाराकडं एकदा पाहून हळूच म्हणाली,

"आजी, मले त खरं सांग. मी कोणालेच नाही सांगत."

सुशिलाबाईचा हात डब्यातच राहिला. चाळीस वर्षांमागं पोलिसांनी तिला हेच विचारलं होतं तेव्हा टेबलावर काठी आपटली होती. त्यांना उत्तर देणं सोपं होतं. ही पोरगी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"काही झालं तरी तो माहा आजाच आहे ना," आचल म्हणाली.