भ्यालो न्हाई

माझे मामा एकाहत्तरच्या पूर्वेकडच्या लढाईतून घरी आले तेव्हा दुष्काळ होता. उदगीरजवळच्या त्यांच्या गावात रोजगार म्हणून सरकारी विहिरीचं काम निघालं होतं. सुरुंगाची शिट्टी वाजली की बाकीचे आडोशाला जायचे, मामा जागच्या जागी पालथे पडायचे. दगड खाली येऊन लोक कामाला लागले तरी ते उठत नसत. कुणीतरी त्यांना पळपुटा फौजी म्हणालं. ते नाव गावात टिकलं.

फौजेने त्यांना सोडताना शेरा मारला होता: स्वभावातला दोष, सेवेशी संबंध नाही. पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी या विषयाचं मिळेल ते वाचलं. मनाचे आजार ज्या अमेरिकन पुस्तकावरून ठरवले जातात, त्यात लढाईच्या आघाताला एके काळी नाव होतं. मामा परतले त्या काळच्या आवृत्तीतून ते काढलेलं होतं. नंतरच्या आवृत्तीत ते नव्या नावाने परत आलं.

दरम्यान उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला. मामांनी जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयात फेरतपासणी मागितली. लातूरने सांगितलं, तुमची नोंद उस्मानाबादेत आहे. उस्मानाबादने सांगितलं, तुमचा जिल्हा आता लातूर. पेन्शनीविषयी मामा बोलतही नसत. स्वभाव खोडून तिथे लढाई लिहावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बाहेरून मनाचे डॉक्टर आले. निलंग्याच्या शिबिरात मी मामा-मामींना घेऊन गेलो. रांगेत ढिगाऱ्यातून वाचलेल्या बाया होत्या. तोवर पुस्तक पुन्हा बदललं होतं. घटनेच्या वेळी तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप वाटलेला असला पाहिजे, अशी अट आली होती. बाया सांगत होत्या, लई भ्याले. त्यांचं निदान होत होतं.

मामांनी खंदकातली हकिगत सांगितली. शेजारच्या जवानाचं फाटलेलं पोट त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. तो गेला तरी हात काढले नव्हते. झोप नाही, फटाका वाजला की अंग ताठ होतं, हेही सांगितलं. डॉक्टर लिहीत होते.

“त्या वेळी भीती वाटली होती का?”

मामा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. “न्हाई, साहेब.”

“थोडीसुद्धा?”

“भ्यायला वेळ कुटं व्हता?”

डॉक्टर हसले. असहाय वाटलं का, थरकाप झाला का, हेही त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, फौजीला असलं काही वाटत न्हाई. अट पुरी झाली नाही. निदान मिळालं नाही. गावाने वीस-बावीस वर्षं पळपुटा म्हणून हिणवलेल्या माणसाला चारचौघांत भ्यालात का असं विचारायचं, आणि तो नाही म्हणाला की ते खरं धरायचं. याला तपासणी म्हणत होते.

परतीच्या एसटीत मामी म्हणाल्या, “हाव, भ्यालो म्हटलं असतं तर मिशी गळून पडली असती का तुमची?”

पुढे कधीतरी ती अटही वगळली. प्रशिक्षण घेतलेल्या सैनिकाला त्या क्षणी भीती जाणवेलच असं नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलं होतं. मामांनी ते उभं राहून सांगितलं होतं. पुन्हा दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेने पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यात मी गावी जाऊन त्यांना ही बातमी दिली.

“म्हंजे आता भ्यालो न्हाई तरी चालतंय?”

चालतं, म्हणालो. मग त्या डॉक्टरने परत बोलावलंय का, असं त्यांनी विचारलं. कुणी बोलावलं नव्हतं. निकष बदलला म्हणून आधी परत पाठवलेल्यांना शोधून आणायची पद्धत नाही. मी दोन कार्यालयांत विचारून खात्री केली आहे.

मीच त्यांना लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने नीट ऐकून घेतलं, निदान लिहून दिलं आणि सांगितलं की आजार सेवेमुळे झाला की नाही, हे ठरवणं आपल्या कक्षेत येत नाही. बाहेर बाकावर मामांनी कागद माझ्याकडे दिला.

“वाच. लढाई लिवलंय का?”

मी दोनदा वाचला. लिहिलेलं नव्हतं.