बोंद्रे सरांचं शौर्य

आमच्या स्काउट पथकाच्या इतिहासाची पुस्तिका काल नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी आली. पहिल्याच पानावर पथकप्रमुख बोंद्रे सरांचा फोटो आहे. खाली लिहिलंय, ‘बुडत्या मुलाला वाचवणारे शूर नेते.’

तो मुलगा मी होतो. सावनेरजवळच्या शिबिरात मी तलावात घसरलो. तोंडात शेवाळ जात होतं आणि काठावर सर नुसती शिटी फुंकत होते. उडी मारली स्वयंपाकाच्या शांताबाईनं, लुगड्यासकट. मला बाहेर ओढून ती धापा टाकत बसली, तर सर म्हणाले, “जाय वं आता, पोट्टे उपाशी आहेत.”

संध्याकाळी शेकोटीपुढे सरांनी आपलीच उडी रंगवून सांगितली. आज त्या फोटोची किळस येते. पण तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या मीच वाजवल्या होत्या, आणि शांताबाई चार पावलांवर पोळ्या लाटत होती.